काचा धुणाऱ्या गाडीची निवड : पाणी, वजन आणि कर्जफेड

बंगळुरूच्या दक्षिण भागातील जयनगर ही नियोजनबद्ध वसाहत १९४८ पासून आकारास येत गेली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि प्रशस्त भूखंडांवरील बैठी घरे हे तिचे पहिले रूप. त्या घरांच्या खिडक्या लाकडी चौकटीच्या आणि गजांच्या असत. त्या पुसण्यासाठी ओले फडके आणि एक स्टूल पुरेसे होते. आज चौथ्या ब्लॉकच्या आसपास आणि मेट्रोच्या हरित मार्गालगत तीन-चार मजली दुकाने, दवाखाने, शिकवणी वर्ग व कार्यालये उभी आहेत आणि त्यांच्या दर्शनी भिंती काचेच्या आहेत. वाहनांची धूळ, झाडांचा चीक व परागकण आणि कबुतरांची विष्ठा या तिन्ही गोष्टी त्या काचांवर वर्षभर साचत असतात.

या काचा धुण्याची रूढ पद्धत सर्वांच्या पाहण्यातली आहे. गच्चीवरून दोर सोडला जातो, त्याला फळी बांधली जाते आणि बादली व रबरी पट्टी घेऊन एक माणूस त्या फळीवर बसतो. दोर कशाला बांधला आहे आणि त्या माणसाच्या कमरेला दुसरा स्वतंत्र दोर आहे की नाही, याची चौकशी काम देणारा सहसा करीत नाही. चार मजल्यांची उंची वाचण्याची शक्यता फार थोडी ठेवते. माणूस जमिनीवर राहील आणि केवळ ब्रश वर जाईल, अशी पद्धत उपलब्ध असेल तर तिचा विचार प्रथम व्हावयास हवा. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरील कामासंबंधीचे नियम अमलात आले. जे काम उंचीवर न चढता करता येईल ते चढून करू नये, हे त्यांतील पहिले तत्त्व आहे. तेथे लांब काठीने व शुद्ध पाण्याने खिडक्या धुण्याच्या पद्धतीचा प्रसार होण्यास या नियमांचा मोठा हातभार लागला. व्यवसायात ‘वॉटर-फेड पोल’ या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा छोट्या मालवाहू गाडीत बसवून सेवा देण्याचा व्यवसाय एक-दोन माणसांच्या बळावर उभा राहू शकतो. त्यासाठी बँकेकडे येणाऱ्या उद्योजकाने गाडी व यंत्रणा कशी निवडावी, याचा येथे विचार केला आहे.

यंत्रणा कशी चालते

गाडीत पाण्याची टाकी, बारा व्होल्टचा पंप, तो चालविणारी स्वतंत्र बॅटरी आणि शंभर मीटर लांबीच्या बारीक नळीचे रीळ असते. नळी काठीच्या आतून किंवा बाजूने वर जाते आणि ब्रशमधील सूक्ष्म छिद्रांतून पाणी काचेवर पडते. ब्रश घासून मळ सुटतो आणि वाहत्या पाण्याबरोबर खाली येतो. साबण वापरत नाहीत आणि काच पुसतही नाहीत. ती आपोआप सुकते.

सारे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. साधे पाणी काचेवर सुकले की त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात व पांढरे डाग पडतात. पाण्यात काहीच विरघळलेले नसेल तर मागे राहण्यासारखेही काही नसते. म्हणून या पद्धतीत पाण्यातील एकूण विरघळलेले घन पदार्थ, अर्थात टीडीएस, शून्याच्या जवळ आणावे लागतात. (बँकेच्या ग्राहकाला टीडीएस म्हटले की उगमस्थानी कापलेला कर आठवतो. या व्यवसायात दोन्ही टीडीएस सांभाळावे लागतात, कारण कंपन्या कंत्राटदाराच्या देयकातून दुसराही कापतातच.) प्रतिलिटर दहा मिलिग्रॅमच्या पुढे आकडा गेला की गडद काचेवर ठिपके दिसू लागतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. तो आकडा दाखविणारे छोटे मापक अल्प किमतीत मिळते आणि यंत्रणेतील सर्वांत स्वस्त पण सर्वांत उपयुक्त वस्तू तीच होय.

पाणी शुद्ध करण्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली रिव्हर्स ऑस्मॉसिसची म्हणजे आरओ पडद्याची. दाबाखालील पाणी पडद्यातून जाते आणि सुमारे ९५ टक्के वा त्याहून अधिक क्षार मागे राहतात. दुसरी पायरी रेझिनची. बारीक मण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून पाणी जाताना उरलेले आयन त्या मण्यांना चिकटतात. आरओच्या आधी गाळ अडविणारी व क्लोरीन शोषणारी कार्बनची गाळणी लागते, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनने पडदा खराब होतो.

आधी पाणी तपासावे, मग यंत्र पाहावे

विक्रेत्याच्या माहितीपत्रकात पंप, रीळ व काठ्या यांची चित्रे ठळक असतात. परंतु यंत्रणेचा नित्याचा खर्च ठरतो तो भरल्या जाणाऱ्या पाण्यावरून. जयनगरात हे पाणी तीन ठिकाणांहून येऊ शकते. नळाला येते ते कावेरीचे, सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि सुमारे ५०० मीटर चढवून आणलेले. दुसरे कूपनलिकेचे, जे बहुधा जड असते. तिसऱ्या स्रोताचा उल्लेख पुढे येईल.

रेझिनची क्षार धरून ठेवण्याची शक्ती मर्यादित असते. ढोबळ मानाने एक लिटर मिश्र रेझिन २४ ग्रॅम क्षार धरते असे मानून चालावे. एका काठीला मिनिटाला दोन लिटर पाणी लागते. घासण्याचा, काठी हलविण्याचा व गाडी पुढे नेण्याचा वेळ धरता दिवसाकाठी सुमारे २०० मिनिटे पाणी चालू राहते, म्हणजे ४०० लिटर शुद्ध पाणी खर्च होते. आता भरलेल्या पाण्याचा टीडीएस २५० असेल आणि यंत्रणेत केवळ रेझिन असेल, तर रोज १०० ग्रॅम क्षार रेझिनवर जमा होतील. ११ लिटर रेझिनचे नळकांडे २६४ ग्रॅमला, म्हणजे तिसऱ्या दिवशी संपेल. आधी आरओ असेल आणि त्याने ९५ टक्के क्षार अडविले, तर रोजचे केवळ ५ ग्रॅम रेझिनवर येतील आणि तेच नळकांडे पन्नासहून अधिक कामाचे दिवस पुरेल. कूपनलिकेचे ८०० टीडीएसचे पाणी असल्यास आरओशिवाय नळकांडे एक दिवसही टिकणार नाही, तर आरओसह सोळा दिवस टिकेल.

हा हिशेब एका कागदावर होतो, तरीही तो न करता स्वस्त पडते म्हणून केवळ रेझिनची यंत्रणा घेण्याचा मोह होतो. पहिल्या तीन महिन्यांत रेझिनच्या खर्चाने नफा खाल्ला की रेझिन बदलणे लांबविले जाते, काचांवर ठिपके राहतात आणि ग्राहक परत बोलावीत नाही. कर्जाचा हप्ता थकण्याची सुरुवात अशा ठिकाणी होते, पंप बिघडल्याने क्वचितच.

आरओचीही किंमत आहे, ती वाया जाणाऱ्या पाण्याच्या रूपाने. निम्मे पाणी शुद्ध होते असे धरले तर ४०० लिटरसाठी ८०० लिटर घ्यावे लागते आणि उरलेल्या ४०० लिटरचा टीडीएस जवळपास दुप्पट असतो. ते फरशी धुण्यास वा शौचालयात वापरता येते, गटारात सोडणे मात्र बंगळुरूसारख्या शहरात समर्थनीय नाही. मार्च २०२४ मधील टंचाईत बंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने वाहने धुणे, बागकाम, बांधकाम, कारंजी अशा कामांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली आणि पाच हजार रुपये दंड ठेवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये असाच आदेश पुन्हा निघाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा कार्यान्वित होऊन शहराला दररोज ७७.५ कोटी लिटरची नवी क्षमता मिळाल्यानंतरचा हा दुसरा आदेश आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या व्यवसायाचा कच्चा मालच पाणी आहे त्याने पिण्याच्या पाण्यावर संपूर्णपणे विसंबणे म्हणजे एका आदेशाने बंद पडण्याची जोखीम पत्करणे होय. प्रकल्प अहवालात पाण्याचा स्रोत स्पष्ट लिहिलेला असावा आणि शक्य तर दुसराही.

तिसरा स्रोत : गच्चीवरचे पाणी

जयनगरच्या पाचव्या ब्लॉकमध्ये पाणीपुरवठा मंडळाचे सर एम. विश्वेश्वरय्या यांच्या नावाचे पर्जन्यजल संकलन उद्यान आहे. गच्चीवरचे पाणी कसे उतरवावे, गाळावे व साठवावे याच्या निरनिराळ्या रचना तेथे प्रत्यक्ष पाहता येतात. काचा धुण्याचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्याने विक्रेत्याच्या दुकानात जाण्यापूर्वी येथे अर्धा दिवस घालविला तर तो वाया जाणार नाही. पावसाचे पाणी मुळातच जवळजवळ क्षारविरहित असते. स्वच्छ गच्चीवरून उतरलेल्या पाण्याचा टीडीएस ३० च्या आसपास मिळाला, तर आरओची गरजच राहत नाही. गाळणी व रेझिन एवढ्यावर काम भागते, ११ लिटरचे नळकांडे २२ दिवस चालते आणि पाणी वायाही जात नाही.

प्रमाण पाहू. बाराशे चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. बंगळुरूचा वार्षिक पाऊस साधारणतः ९७० मिलिमीटर. त्यातील ८० टक्के हाती लागला तर वर्षाला सुमारे ८६ हजार लिटर पाणी मिळते. महिन्याला २२ दिवस, दिवसाला ४०० लिटर या दराने वर्षाची गरज आहे १ लाख ५ हजार ६०० लिटर. म्हणजे एका मध्यम घराच्या गच्चीत गरजेच्या सुमारे चार पंचमांश पाणी देण्याची शक्ती आहे.

अडचण साठवणुकीची आहे. दहा हजार लिटरची जमिनीखालची टाकी भरलेली असली तरी ती २५ दिवसांत रिकामी होईल. सुदैवाने बंगळुरूचा पाऊस चार महिन्यांत आटोपत नाही. एप्रिल-मेमधील वळिवाच्या सरींपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत तो येत-जात राहतो, त्यामुळे टाकी पुन्हापुन्हा भरते. डिसेंबर ते मार्च हे चार महिने मात्र आरओवाचून गत्यंतर नाही. पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यावे लागते, कारण गच्चीवरील धूळ, पाने व पक्ष्यांची विष्ठा त्यात येते. शहरात २००९ पासून विशिष्ट आकाराच्या भूखंडांवर पर्जन्यजल संकलन सक्तीचे आहे, तेव्हा अनेक घरांत नळ्या व गाळण्या आधीच बसविलेल्या असतात. त्यांची डागडुजी करून टाकीला जोडणे हा प्रकल्पखर्चातील एक रास्त घटक ठरतो आणि कर्जासाठी तो दाखवावा.

शुद्धीकरण गाडीत की घरी

आरओ गाडीत बसवावा की तळावर, हा खरा निवडीचा प्रश्न आहे. गाडीतच सर्व यंत्रणा असली की कोठेही नळ जोडून टाकी भरता येते. वस्त्या दूरदूर पसरलेल्या असतील तेथे हे सोयीचे. तळावर आरओ ठेवला तर रात्रीतून पाणी तयार करून साठवता येते, गाडी हलकी राहते, वाया जाणारे पाणी तेथेच इतर वापरास मिळते आणि गाडी दुरुस्तीला गेली तरी शुद्धीकरण थांबत नाही. जयनगरसारख्या आटोपशीर परिसरात, जेथे दिवसभराचे काम तीन-चार किलोमीटरच्या आत आहे, तेथे तळावरचा आरओ आणि गाडीत केवळ टाकी, पंप व अखेरच्या टप्प्याचे रेझिन हीच मांडणी सरस वाटते. घरगुती शुद्धीकरण यंत्र मात्र या कामाचे नाही. ते तासाला दहा-पंधरा लिटर देते आणि ४०० लिटरना पूर्ण दिवसाहून अधिक वेळ लागेल. चार इंच व्यासाचा व्यापारी पडदा, त्यासोबत दाब वाढविणारा पंप असा संच लागतो, कारण नळाचे पाणी ठरावीक वेळीच आणि कमी दाबाने येते.

टाकीचे वजन हा यानंतरचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित मुद्दा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, हे शाळेत शिकलेले असूनही पाचशे लिटरची टाकी विकत घेताना ती अर्धा टन होणार आहे हे पुष्कळदा लक्षात येत नाही. नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण मान्य वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे. उरलेल्या आकड्यात पाणी, यंत्रे आणि माणसे अशी सारी बसली पाहिजेत. टाटा एससारख्या छोट्या मालवाहू गाडीत हा आकडा ७५० किलो आहे असे धरू. पाणी ५०० किलो, टाकी व तिची लोखंडी चौकट ६०, रेझिन व गाळण्या ४०, रीळ व नळी २५, बॅटरी ३०, पंप व जोडण्या १०, काठ्या व ब्रश १५ मिळून ६८० किलो होतात. दोन माणसांचे १४० किलो मिळविले की ८२० भरतात, म्हणजे ७० किलो जास्त. टाकी ४०० लिटरची घेतली व तिची चौकट ५० किलोची झाली, तर बेरीज ७१० येते आणि गाडी नियमात राहते. दिवसाची गरजही ४०० लिटरचीच आहे, तेव्हा वरची शंभर लिटर ही केवळ हौस ठरते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड वीस हजार रुपयांपासून सुरू होतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की अपघात झाल्यास जादा भाराच्या मुद्द्यावर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

टाकी उभट नसावी, पसरट असावी, आणि तिच्या आत पाण्याचा हेलकावा मोडणारे आडवे पडदे असावेत. अर्धवट भरलेली टाकी वळणावर व ब्रेक लावताना सर्वांत धोकादायक असते. केवळ पट्ट्यांनी बांधलेली टाकी स्वीकारू नये. चौकट गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जखडलेली हवी. ४०० किलोचे वजन सुटले तर ते पुढे चालकाच्या पाठीवर येते. असे कायम स्वरूपाचे बदल करताना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परिवहन कार्यालयाची मान्यता लागते का, हे काम सुरू करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

बॅटरीविषयी एक छोटी सूचना. विक्रेते सांगतात की गाडी चालताना इंजिनवर दुसरी बॅटरी भरली जाते. लांबच्या फेऱ्यांत ते खरे आहे. जयनगरातल्या जयनगरात दिवसभरात आठ-दहा किलोमीटर धावणाऱ्या गाडीत ती पुरेशी भरणार नाही, म्हणून रात्री विजेवर भरण्याचा चार्जर सोबत मागावा.

काठी आणि तारा

काठ्या ॲल्युमिनियम, काचतंतू व कार्बनतंतू अशा तीन प्रकारच्या मिळतात. ॲल्युमिनियम स्वस्त पण जड, काचतंतू मध्यम, कार्बन हलकी व ताठ पण महाग. दहा मीटर लांबीची काठी दिवसभर डोक्यावर तोलणाऱ्या माणसाच्या मानेचा व खांद्यांचा विचार केला तर वरच्या मजल्यांसाठी कार्बन काठीची किंमत खर्च म्हणून पाहू नये. तळमजला व पहिल्या मजल्यासाठी आखूड काचतंतूची काठी पुरते. चौथ्या मजल्याच्या वर मात्र ब्रशचा दाब कमी होतो व काम निकृष्ट होते, मग माहितीपत्रकात कितीही मीटर लिहिलेले असोत. राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर वा त्याहून उंच इमारतीला उत्तुंग इमारत मानते. या यंत्रणेचे कार्यक्षेत्र त्या रेषेच्या खाली आहे असे समजावे. त्यावरच्या इमारतींची कामे प्रशिक्षित दोर-पथकांची आहेत आणि ती या गाडीच्या उत्पन्नात धरू नयेत.

विजेच्या बाबतीत ॲल्युमिनियम आणि कार्बन या दोन्हींतून प्रवाह वाहतो. काचतंतूची काठी कोरडी असताना विद्युतरोधक असली तरी ओली व मळकट झाल्यावर तिच्यावर विसंबता येत नाही. जयनगरात झाडांच्या फांद्यांआड विजेच्या तारा असतात आणि त्या पाहणाऱ्याच्या नजरेस लगेच येत नाहीत. काठी पूर्ण उघडल्यावर ती कोणत्याही बाजूस कोसळली तरी तारेला लागणार नाही, एवढे अंतर असेल तरच ती उभारावी. नसेल तर ते काम नाकारावे. हा नियम कामगाराच्या हाती लेखी द्यावा आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही त्याला द्यावा. दोघांचाही अपघात विमा असावा. बँकेत बचत खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या व्यक्तीला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. त्याखेरीज कामगार नुकसानभरपाईचा विमा मालकाने स्वतंत्रपणे घ्यावा.

काम कोठे मिळेल

येथे परदेशी माहितीपत्रक दिशाभूल करते. ब्रिटनमधील खिडकीच्या बाहेर काही नसते. जयनगरातील राहत्या घराच्या खिडकीला बाहेरून लोखंडी जाळी असते, आत डासांची जाळी आणि सदनिकेच्या सज्ज्याला कबुतरांचे जाळे. ब्रश काचेपर्यंत पोचतच नाही. जुन्या लाकडी चौकटींतून पाणी आत झिरपते, ते वेगळेच. म्हणून घरोघरीच्या कामाच्या अपेक्षेवर उत्पन्नाचे आकडे मांडू नयेत. दुकाने, बँकांच्या शाखा, दवाखाने, शिकवणी वर्ग आणि कार्यालये, ज्यांची दर्शनी काच सलग व उघडी आहे, ती खरी गिऱ्हाइके. त्यांच्याशी मासिक वा पंधरवड्याचा वार्षिक करार होऊ शकतो आणि कर्ज देणाऱ्याला असा लेखी करार तोंडी आश्वासनांपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. नव्या इमारतीच्या काचेवरील सिमेंट व रंगाचे शिंतोडे पाण्याने निघत नाहीत, तेव्हा पहिली साफसफाई हाताने करून तिचा वेगळा दर लावावा. कामाची वेळ सकाळी दुकाने उघडण्यापूर्वीची ठेवावी. गाडी उभी करण्यास जागा मिळते आणि पदपथावरील नळीत कोणाचा पाय अडकत नाही.

हिशेब

उदाहरणादाखल गाडी, यंत्रणा, तळावरचा आरओ व टाकीची डागडुजी मिळून प्रकल्पखर्च ९ लाख रुपये धरू. उद्योजकाचे दीड लाख व बँकेचे साडेसात लाख. व्याजदर ११ टक्के आणि मुदत पाच वर्षे मानल्यास मासिक हप्ता सुमारे १६,३०० रुपये येतो. एक कामगार व स्वतः काम करणारा मालक यांचे मिळून ४०,०००, इंधन ६,०००, पाणी, रेझिन व गाळण्या ४,०००, विमा व देखभाल ४,००० आणि किरकोळ ३,००० असे धरले तर महिन्याचा एकूण भार ७३,३०० होतो. बावीस दिवस काम मिळाले तर रोज ३,३३० रुपयांचे काम झाले पाहिजे. पावसाच्या महिन्यात १६ च दिवस मिळाले तर तोच आकडा ४,५८० वर जातो. हे सारे आकडे गृहीत आहेत. प्रत्येकाने आपल्या कोटेशनप्रमाणे ते बदलावेत, पण दोन्ही आकडे काढल्याशिवाय अर्ज करू नये. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील मंद काळासाठी दोन हप्त्यांएवढी रक्कम आवर्ती ठेवीत बाजूला असावी, हे बँकेला सांगितल्यास प्रस्तावाचे वजन वाढते.

साडेसात लाखांचे कर्ज प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या पाच ते दहा लाखांच्या तरुण गटात बसते आणि त्यास तारण द्यावे लागत नाही. तत्पूर्वी उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती निःशुल्क आहे, आणि तिचा पुढे आणखी एक उपयोग होतो. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देयक जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर घातले आहे.

वस्तू व सेवा कराचा विचार गाडी घेण्यापूर्वीच व्हावा. वरील उदाहरणात वार्षिक उलाढाल नऊ लाखांच्या आत आहे आणि सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वीस लाखांची आहे, तेव्हा नोंदणी सक्तीची नाही. परंतु नोंदणी नसेल तर गाडीवर व यंत्रांवर भरलेला कर परत मिळत नाही आणि तो खर्चातच मुरतो. स्वेच्छेने नोंदणी केल्यास सेवेवर १८ टक्के आकारावे लागतात. कंपन्या व दुकानदार ग्राहक असतील तर त्यांना त्याची वजावट मिळते, त्यामुळे त्यांची हरकत नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. येथे एक बारीक फरक महत्त्वाचा आहे. तीच गाडी प्रवासी प्रकारात नोंदविली असेल तर तिच्यावरील कराची वजावट कायद्याने नाकारली आहे, मालवाहू प्रकारात ती मिळते. पाच आसनी गाडीची मागची बाके काढून टाकी बसविण्याचा बेत करणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे.

गाडीचा विमा काढताना आत बसविलेल्या यंत्रणेचे मूल्य स्वतंत्रपणे नमूद करावे, अन्यथा गाडी चोरीस गेली तर भरपाई केवळ गाडीची मिळते आणि कर्ज दोन्हींचे शिल्लक राहते. आयात यंत्रणेचे कोटेशन परकीय चलनात असल्यास सीमाशुल्क व वाहतूक धरून अंतिम रुपये लिहून घ्यावेत. पंपाचा पडदा, नळीच्या जोडण्या व ब्रश हे भाग बंगळुरूत मिळतील की प्रत्येक वेळी आठवडाभर थांबावे लागेल, हेही विचारावे. थांबलेल्या गाडीचा हप्ता थांबत नसतो.

रक्कम बँकेकडून थेट विक्रेत्याला जाते. अखेरचा भाग देण्यापूर्वी प्रात्यक्षिक मागण्याचा हक्क खरेदीकराराच्या मसुद्यात लिहून घ्यावा. प्रात्यक्षिकासाठी विक्रेत्याने आणलेले पाणी वापरू देऊ नये. ज्या नळाचे वा कूपनलिकेचे पाणी रोज वापरले जाणार आहे तेच यंत्रणेत भरावे, मापकावर आधीचा व नंतरचा आकडा पाहावा आणि एखादी गडद काच तिसऱ्या मजल्यापर्यंत धुवून घ्यावी. ती कोणालाही पुसू न देता तासाभराने, तिरप्या उन्हात, जवळ जाऊन पाहावी.